विन्स्लो होमरचा स्टुडिओ: आधी ठसे पाहावेत, मग समुद्र

अमेरिकेच्या मेन राज्यातील पोर्टलंड कला संग्रहालयातर्फे चित्रकार विन्स्लो होमर याच्या स्टुडिओची मार्गदर्शकासह भेट आयोजित केली जाते. संग्रहालयातून गाडीने निघालेला लहानसा गट सुमारे १२ मैलांवरच्या प्राउट्स नेक या खडकाळ भूशिरावर जातो. होमर तेथे १८८३पासून राहिला आणि १९१०मध्ये त्याच स्टुडिओत वारला. सागरचित्रकार म्हणून त्याची ख्याती मोठी असल्यामुळे बहुतेकजण समुद्र पाहण्याच्या ओढीने येतात. परंतु नियतकालिकांसाठी चित्रे काढणारा बोधचित्रकार पुढे इतका मोठा चित्रकार कसा झाला, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला ही भेट अधिक काही देते. मात्र त्यासाठी आधी संग्रहालयातील त्याचे ठसे, म्हणजे कोरलेल्या लाकडावरून छापलेली चित्रे, पाहून घेतली पाहिजेत.

होमरचा जन्म १८३६मध्ये बोस्टनला झाला. आई हौसेने जलरंगात चित्रे काढत असे आणि पहिले धडे त्याला तिच्याकडूनच मिळाले. एकोणिसाव्या वर्षी तो बोस्टनच्या एका शिळाछापखान्यात, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छपाई करणाऱ्या छापखान्यात, उमेदवारी करू लागला. गाण्यांच्या वह्यांची मुखपृष्ठे आणि तशीच इतर फर्मायशी कामे करण्यात गेलेली ती दोन वर्षे त्याला इतकी जाचली, की त्या दगडावरून मान वर काढल्यापासून आपल्याला कोणी धनी उरला नाही आणि पुढेही नसेल, अशा आशयाचे उद्गार त्याने नंतर काढले. १८५७पासून तो स्वतंत्रपणे काम करू लागला आणि १८५९मध्ये न्यूयॉर्कला गेला. ‘हार्पर्स वीकली’ या सचित्र साप्ताहिकाने देऊ केलेली कायम नोकरी त्याने नाकारली, काम घेतले ते आपल्या अटींवर.

त्या काळी अशी चित्रे लाकडी ठशांवरून छापली जात. चित्रकार गुळगुळीत घासलेल्या लाकडावर उलटे चित्र काढून देई आणि कोरणारे कारागीर रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचा भाग कोरून काढत. मोठा ठसा अनेक तुकडे जोडून केलेला असे. घाई असली म्हणजे ते तुकडे वेगवेगळ्या कारागिरांत वाटून दिले जात. अशा वेळी नाजूक छटांवर विसंबून चालत नसे. काळे कोठे, पांढरे कोठे, मुख्य आकृती पार्श्वभूमीपासून सुटी दिसते की नाही, हे चित्रकारानेच आधी पक्के करावे लागे. होमरची सारी शिस्त या कामातून आली, असे माझे मत आहे. संग्रहालयात अशा रीतीने छापलेल्या त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तो ‘हार्पर्स’साठी सैन्याच्या छावण्यांत गेला. झाडावर बसून नेम धरणाऱ्या सैनिकाचे त्याचे चित्र नोव्हेंबर १८६२मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच विषयावरचे तैलचित्र हे त्याच्या अगदी आरंभीच्या तैलचित्रांपैकी एक आहे. बंदुकीच्या दुर्बिणीतून पाहिल्यावर हे काम आपल्याला खुनासारखे वाटले, असे त्याने पुढे एका पत्रात लिहिले; पण चित्रात कोठेही आक्रोश नाही. १८७३मध्ये त्याने जलरंग गंभीरपणे हाती घेतले आणि त्यानंतर दोनेक वर्षांत नियतकालिकांचे काम जवळजवळ सोडले. १८८१-८२मध्ये तो इंग्लंडमधील कलरकोट्स या कोळ्यांच्या गावी राहिला आणि परतल्यावर प्राउट्स नेकला स्थायिक झाला.

स्टुडिओ म्हणजे मुळात कुटुंबाच्या घराशेजारचा बग्गीखाना होता. वास्तुविशारद जॉन कॅल्विन स्टीव्हन्स याने तो तेथून थोडा हलवून होमरसाठी राहण्याजोगा केला आणि समुद्राकडे तोंड करून वरच्या मजल्यावर प्रशस्त सज्जा काढला. संग्रहालयाने ही वास्तू २००६मध्ये कुटुंबाच्या वारसाकडून विकत घेतली आणि जीर्णोद्धार करून २०१२मध्ये लोकांसाठी खुली केली. काम संयमाने झाले आहे; होमरच्या काळातला साधेपणा राखला असून खोल्या शोभेच्या वस्तूंनी भरलेल्या नाहीत. आगंतुकांना दूर ठेवण्यासाठी साप आणि उंदरांची भीती घालणारी पाटी त्याने रंगवली होती, त्यावरून त्याला एकांत किती प्रिय होता हे समजते. पण मला या भेटीत सर्वांत मोलाचा वाटला तो सज्जाच. तेथून खडक, फेस आणि क्षितिज एका दृष्टिक्षेपात येतात आणि चित्रात काय घ्यायचे व काय गाळायचे, हा निर्णय त्याने किती कठोरपणे घेतला असेल, ते जाणवते.

त्यानंतर संग्रहालयात परतून १८९४चे ‘वेदरबीटन’ हे तैलचित्र अवश्य पाहावे. त्यात माणूस नाही, जहाज नाही. गडद खडक आणि त्यावर फुटणारी लाट एवढेच आहे. रंगांचे थर जाड आणि मोकळे असले, तरी काळ्या-पांढऱ्याची मांडणी लाकडी ठशाइतकी स्पष्ट आहे. फिलाडेल्फियात असलेल्या १८९३च्या ‘द फॉक्स हंट’मध्येही बर्फावरचा कोल्हा आणि त्याच्यावर झेपावणारे कावळे यांचे आकार लांबूनच ओळखू येतात. बोधचित्रकाराचे काम होमरने सोडले, पण त्या कामात तयार झालेली नजर त्याने अखेरपर्यंत वापरली. काही कलारसिक त्याच्या ठशांना पोटापाण्याचे काम म्हणून बाजूला सारतात, ते मला मान्य नाही.

मूळ चित्रे स्टुडिओत नव्हे, तर संग्रहालयात आहेत, त्यामुळे केवळ चित्रे पाहायची असतील तर प्राउट्स नेकला जाण्याची गरज नाही. भोवतालची जमीन खासगी असल्याने तेथे स्वतंत्रपणे हिंडता येत नाही आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. ज्यांना शक्य असेल त्यांनी सकाळी ठसे, नंतर स्टुडिओ आणि शेवटी तैलचित्रे असा क्रम ठेवावा; घाईच्या दौऱ्यात यासाठी पूर्ण दिवस काढता येणार नसेल, तर स्टुडिओ वगळावा, ठसे वगळू नयेत.