क्लासिक जेट विमानांचा सिम्युलेटर पॅक: आठ महिने उडवल्यानंतरचा अनुभव

आठ महिने झाले हा पॅक घेऊन. पहिल्याच आठवड्यात लिहिणार होतो पण तेव्हा "ग्राफिक्स भारी, इंजिनाचा आवाज भारी" याच्या पलीकडे काही लिहिता आलं नसतं, म्हणून थांबलो. आता सहाही विमानं बऱ्यापैकी हातात बसली आहेत. बनवणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्या मी त्यांना मेलवर कळवल्या आहेत.

पॅक आहे घरच्या कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी. कॉमेट, कॅराव्हेल, बोइंग 707, बोइंग 727, अगदी पहिलं 747 म्हणजे 747-100, आणि कॉन्कॉर्ड. आधी चार वर्षं मी आजकालची एअरबस उडवायचो, रूट भरला, बटण दाबलं की विमान आपलं आपण जातं, उतरतं पण. या पॅकमध्ये तसलं काही नाही. आणि मला जे सगळ्यात जास्त आवडलं ते हे की या विमानांचा इतिहास मी आधी वाचलेला होता, तारखा पाठ होत्या, पण अमुक गोष्ट अशी का केली हे उडवल्यावरच कळलं. प्रत्येक विमानात आधीच्या विमानाच्या दुखण्यावर काढलेला उपाय बसलेला आहे आणि तो हाताला जाणवतो.

मी कालक्रमाने गेलो, म्हणजे आधी कॉमेट. 27 जुलै 1949 ला पहिलं उड्डाण, 2 मे 1952 ला लंडन ते जोहान्सबर्ग, जेट विमानाची जगातली पहिली नियमित प्रवासी सेवा, प्रवासी फक्त 36. चार इंजिनं पंखाच्या मुळातच बसवलेली, त्यामुळे दिसायला इतकं देखणं विमान की मी पहिला तासभर नुसता बाहेरच्या कॅमेऱ्यातून फिरत होतो. मग टेकऑफ केला. वेग आला असं वाटलं, योक (नाक वर-खाली करायचा दांडा) ओढला, नाक वर आलं आणि विमान तसंच धावपट्टीवर नाक वर करून पळत राहिलं, वेग वाढेना, उचलेना, शेवटी टोकाबाहेर गेलं. तीन वेळा तेच. मला वाटलं प्रोग्राममध्ये बग आहे. मग शोधल्यावर कळलं की ऑक्टोबर 1952 मध्ये रोमला खरोखर असंच झालं होतं आणि मार्च 1953 मध्ये कराचीला परत झालं, तिथे 11 माणसं गेली. नाक थोडं जास्त उचललं की पंखावरचा हवेचा प्रवाह सुटायचा, ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, एवढा वाढायचा की त्या काळच्या इंजिनांना तो ओढवायचा नाही. सुरुवातीला पायलटची चूक म्हटलं गेलं, नंतर पंखाच्या पुढच्या कडेचा आकार बदलावा लागला. हे ज्याने प्रोग्राममध्ये घातलं त्याला माझा नमस्कार, मनापासून. आता मी नाक अगदी थोडं, चाक जेमतेम सुटेल एवढंच उचलतो आणि वाट बघतो.

पण याच कॉमेटच्या मॅन्युअलवर माझी मोठी नाराजी आहे. 1954 च्या जानेवारीत इटलीच्या एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ दोन कॉमेट हवेतच फुटली, त्यावर मॅन्युअलमध्ये फक्त एक परिच्छेद. अहो पुढच्या सगळ्या विमानांचं डिझाइन त्या चौकशीतून बदललं! इंग्लंडमधल्या फार्नबरोला चौकशी करणाऱ्यांनी एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत बसवलं, पंख दोन्हीकडून बाहेर काढलेले, आणि आत पाणी भरून दाब वाढव-उतरव, वाढव-उतरव असं उड्डाणांचं चक्र चालू ठेवलं. पाणीच का, तर हवा दाबून भरली असती आणि विमान फुटलं असतं तर बॉम्बसारखं उडालं असतं, पुरावाच राहिला नसता. पाणी दाबलं जात नाही म्हणून नुसता तडा जातो आणि तो कुठून सुरू झाला ते बघता येतं. खरी उड्डाणं आणि टाकीतली चक्रं मिळून साधारण 3,057 ला ते फाटलं, कोपऱ्यापासून. सगळीकडे चौकोनी प्रवासी खिडक्यांचं सांगतात, पण एल्बाजवळ समुद्रातून जे अवशेष काढले त्यात तडा सापडला तो छतावरच्या अँटेनासाठी कापलेल्या चौकोनापाशी. धातू थकतो हे माहीत होतं, पण इतक्या लवकर थकेल याचा अंदाज नव्हता. हे मला मॅन्युअलमध्ये चित्रांसकट हवं होतं.

कॅराव्हेलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मूळ विमान छान आहे, इंजिनं शेपटीकडे नेण्याची कल्पना त्यांची, त्यामुळे केबिन शांत, नाकाचा आराखडा कॉमेटचाच घेतलेला, खिडक्या गोलसर त्रिकोणी. पण पॅकमधलं काम घाईचं वाटतं, ऑटोपायलट उंची धरत नाही, दोनशे-तीनशे फूट खालीवर होत राहतो. त्यापेक्षा सोव्हिएत टीयू-104 का नाही दिलं हा माझा प्रश्न आहे. कॉमेट जमिनीवर बसवल्यानंतर, 15 सप्टेंबर 1956 पासून ऑक्टोबर 1958 पर्यंत जगात नियमित प्रवासी सेवेत असलेलं जेट म्हणजे हे एकच, बॉम्बरवरून बनवलेलं, नाकात नेव्हिगेटरसाठी काचेचा कक्ष, उतरल्यावर थांबायला मागे पॅराशूट. ते उडवायला मी वेगळे पैसे देईन.

मग 707. त्याचा प्रोटोटाइप, डॅश 80, 15 जुलै 1954 ला उडाला, बोइंगने स्वतःचे 1 कोटी 60 लाख डॉलर घालून बनवलेला, तेव्हा हातात एकाही एअरलाइनची ऑर्डर नव्हती. 7 ऑगस्ट 1955 ला टेक्स जॉन्स्टन यांनी लेक वॉशिंग्टनवर बोटींच्या शर्यतीला जमलेल्या गर्दीसमोर या एवढ्या मोठ्या विमानाला चक्क बॅरल रोल मारला, म्हणजे हवेतच पूर्ण गिरकी घ्यायला लावली. मी करून बघितला, नाक आधी वर घेऊन सावकाश फिरवलं तर जी-फोर्सची (अंगावर येणाऱ्या भाराची) सुई फारशी हलतही नाही, म्हणजे बघणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकला असेल पण विमानाला त्रास नव्हता. रुंदीची गोष्टही मजेशीर, प्रोटोटाइप 132 इंचांचा, मग 144, आणि डग्लसचं डीसी-8 147 इंचांचं आहे म्हटल्यावर 707 केलं 148. एका इंचासाठी केवढा तो खटाटोप, पण त्यामुळे एका रांगेत सहा सीट नीट बसल्या आणि हीच रुंदी पुढे 727 आणि 737 ला पण चालली.

707 मध्ये एक प्रयोग नक्की करा. 35,000 फुटांवर यॉ डॅम्पर (नाकाचे डावे-उजवे झोके आपोआप मोडणारी यंत्रणा) बंद करा आणि रडरला (शेपटीच्या उभ्या सुकाणूला) हलकासा धक्का द्या. नाक डावीकडे जातं, त्याबरोबर उजवा पंख पुढे येतो, पुढे आला की त्याला लिफ्ट (वर उचलणारा जोर) जास्त मिळते म्हणून तो वर उठतो, मग ड्रॅग त्याला मागे खेचतो, मग सगळं उलट बाजूला, आणि हे थांबतच नाही, वाढत जातं. याला डच रोल म्हणतात. मागे झुकवलेल्या पंखाचं हे दुखणं, वेगासाठी पंख 35 अंश मागे झुकवला त्याची ही किंमत. माझी पहिली चूक अशी की मी झोक्यामागे धावलो, प्रत्येक झोक्याला उलटा हात दिला आणि हात उशिरा पडल्यामुळे झोका वाढवतच गेलो. 19 ऑक्टोबर 1959 ला वॉशिंग्टन राज्यात एका प्रशिक्षण उड्डाणात डच रोल इतका वाढला की चारपैकी तीन इंजिनं निखळून पडली. पुढच्या 707 ना उंच शेपटी आणि पोटाखाली छोटा फिन लागला तो यासाठी. पॅकमध्ये दोन्ही प्रकार दिलेत, आखूड शेपटीचं आणि उंच शेपटीचं, एकामागून एक उडवा, फरक लगेच कळेल.

आता 727. आठ महिन्यांतले निम्मे तास याच्यावर गेलेत. तीन इंजिनं का, तर युनायटेड एअरलाइनला उंचावरच्या डेन्व्हरसाठी चार हवी होती, अमेरिकन एअरलाइनला खर्च कमी म्हणून दोन, आणि ईस्टर्न एअरलाइनला समुद्रावरून कॅरिबियनला जायला दोनपेक्षा जास्त, कारण दोन इंजिनांच्या विमानाला विमानतळापासून साठ मिनिटांच्या आत राहायचा नियम होता. मध्ये तडजोड झाली तीनवर! 9 फेब्रुवारी 1963 ला पहिलं उड्डाण, आणि शेवटी 1,832 बनली.

याचे फ्लॅप (उतरताना पंखाच्या कडेतून बाहेर येणारे भाग) बघायलाच हवेत. मागच्या कडेला तीन तुकड्यांचे, पूर्ण सोडले की पंखच उलगडून पडल्यासारखा दिसतो, आखूड धावपट्टीवर उतरता यावं म्हणून केलेले. पण फ्लॅप 40 वर आणि थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) मागे असेल तर विमान दगडासारखं खाली येतं. माझा किस्सा सांगतो. अप्रोचवर, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येताना, जरा उंच होतो, थ्रॉटल पूर्ण मागे घेतला, विमान मिनिटाला 2,000 फुटांपेक्षा जोरात खाली यायला लागलं, वाटलं शेवटी पॉवर देऊ. 400 फुटांवर थ्रॉटल पुढे ढकलला. काहीच नाही. त्या काळची इंजिनं आयडलवरून जोरावर यायला सहा-सात-आठ सेकंद घेतात. सुया हळूहळू चढत होत्या, मी स्क्रीनकडे बघत मोजत होतो, एक, दोन, तीन, आणि धावपट्टीच्या आधीच जमीन आली. ऑगस्ट 1965 ते फेब्रुवारी 1966 या सहा महिन्यांत चार 727 खाली येताना पडली होती. त्यातलं सॉल्ट लेक सिटीचं, 11 नोव्हेंबर 1965 चं, असंच, उतरण्याचा वेग प्रचंड आणि पॉवर उशिरा, 43 माणसं गेली. विमानात दोष निघाला नाही, पायलटचं ट्रेनिंग बदललं. तेव्हापासून मी शेवटच्या हजार फुटांत पॉवर कधीही पूर्ण काढत नाही, फ्लॅपच्या ओढीविरुद्ध इंजिन चालूच ठेवतो.

आणि फ्लाइट इंजिनियरचं पॅनेल! पायलटच्या मागे उजवीकडे भिंतभर गेज आणि स्विच. तीन जनरेटर एका लाइनवर आणायचे तर ते एका तालात हवेत. पहिला जोडला, दुसऱ्यासाठी सिंक्रोनायझिंगचे दोन छोटे दिवे लुकलुकतात, ताल जुळत आला की लुकलुक सावकाश होत जाते, आणि दोन्ही दिवे विझलेले असतील त्या क्षणी ब्रेकर लावायचा. पेटलेले असताना लावला की ट्रिप, म्हणजे ब्रेकर आपोआप सुटतो. मला हे जमायला चार रात्री लागल्या आणि आता पूर्ण उड्डाणात मला सगळ्यात आवडणारी वीस सेकंद ती. हे काम करणारा तिसरा माणूस नंतर कॉकपिटमधून नाहीसाच झाला, कॉम्प्युटरने त्याची जागा घेतली, आणि त्या माणसाला किती काही येत होतं हे या पॅनेलसमोर बसल्यावर कळतं.

747 पण 9 फेब्रुवारीलाच उडालं, 1969 ला. 22 जानेवारी 1970 ला पॅन ॲम या अमेरिकन एअरलाइनची न्यूयॉर्क-लंडन पहिली सेवा, तीही इंजिन तापल्यामुळे विमान बदलून कित्येक तास उशिरा निघाली. त्या पहिल्या इंजिनांची कटकट पॅकमध्ये आहे, मागून जोराचं वारं असताना स्टार्ट केलं तर तापमानावर डोळा ठेवावा लागतो. पण यातली खरी मेजवानी म्हणजे आयएनएस, बाहेरच्या सिग्नलशिवाय विमान कुठे आहे ते काढणारी यंत्रणा. फक्त नऊ वेपॉइंट (रूटमधले ठरवलेले बिंदू) मावतात, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश हाताने टाकायचे, आणि अलाइन होईपर्यंत, म्हणजे यंत्रणा स्वतःला जुळवून घेईपर्यंत, विमान जागचं हलवायचं नाही. कीपॅडवर 4 म्हणजे पश्चिम आणि 6 म्हणजे पूर्व. अटलांटिकच्या मधोमध मी एका पॉइंटला 4 ऐवजी 6 दाबलं, विमान मागचा पॉइंट ओलांडून शांतपणे वळायला लागलं ते वळतच राहिलं. आता दोन पॉइंटमधलं अंतर प्रत्येक वेळी स्क्रीनवर काढून बघतो, रेखांश चुकला की अंतराचा आकडा लगेच ओरडतो.

कॉन्कॉर्ड शेवटी ठेवलं ते बरं केलं. आवाजाचा वेग ओलांडताना लिफ्टचा मध्यबिंदू मागे सरकतो, नाक खाली जायला बघतं, ते कंट्रोलने सावरलं तर ड्रॅग वाढेल, म्हणून सुमारे 20 टन इंधनच पुढच्या टाक्यांतून शेपटीकडच्या टाकीत पंप करायचं. उतरताना परत पुढे. हे एकदा विसरून बघा, काय होतं ते सांगत नाही. रीहीट (जास्तीचं इंधन जाळून मिळणारा वाढीव जोर) माक 1.7 ला, म्हणजे आवाजाच्या 1.7 पट वेगाला, बंद केल्यावरही ते माक 2 पर्यंत जातं, हे बघताना अंगावर काटा येतो.

आता तक्रारी. पाचव्या महिन्यात एक अपडेट आला आणि माझ्या सगळ्या सेव्ह केलेल्या पॅनेल सेटिंग उडाल्या, 727 चं सगळं बंद असलेल्या अवस्थेतून स्टार्टअप पंधरा दिवस चालत नव्हतं, मेलला उत्तर आलं नवव्या दिवशी. अपडेटच्या आधी सेटिंगचं फोल्डर कॉपी करून ठेवा. कॉन्कॉर्डला ग्राफिक्स कार्ड चांगलं हवं, माझ्या जुन्या कार्डावर कॉकपिटमध्ये चित्र अडखळायचं. कॅराव्हेल अजून सुधारलेलं नाही.

घ्यावा का, तर हो, पण रोज निदान दीड तास देता येत असेल तरच. सुरुवात कॉन्कॉर्डपासून करू नका, 727 पासून करा, आणि पहिला आठवडा इंजिन सुरूच करू नका, नुसते इंजिनियरच्या पॅनेलसमोर बसून कुठला पंप कुठल्या टाकीचा ते हाताला पाठ होऊ द्या. मी आज रात्री आखूड शेपटीचं 707 घेऊन न्यूयॉर्कहून पॅरिसला निघणार आहे, 26 ऑक्टोबर 1958 च्या पॅन ॲमच्या पहिल्या उड्डाणासारखं मध्ये कॅनडातल्या गॅंडरला इंधनासाठी थांबून.