घरगुती हॉट कोको मिश्रण: नैसर्गिक कोको पावडर की डच पद्धतीची?

हॉट कोकोचे कोरडे मिश्रण घरी तयार करताना साखर, दूध पावडर आणि चिमूटभर मीठ हे घटक जवळजवळ ठरलेलेच असतात. चव खऱ्या अर्थाने ठरते ती कोको पावडरीच्या निवडीवर. नैसर्गिक पावडर आम्लधर्मी असते आणि तिचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक; ७ पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी) साधारणपणे ५ ते ६ च्या दरम्यान राहत असल्यामुळे पेयाला किंचित आंबटसर, फळांसारखी धार येते. डच पावडरीवर मात्र अल्कलीची, म्हणजे आम्लता कमी करणाऱ्या क्षारीय पदार्थाची, प्रक्रिया केलेली असते. नेदरलँड्समधील कुनराड व्हान हाउटेन यांनी एकोणिसाव्या शतकात विकसित केलेल्या या प्रक्रियेमुळे सामू ७ च्या आसपास किंवा त्याहून वर जातो, रंग गडद होतो, आंबटपणा मावळतो आणि पावडर द्रवात अधिक सहजपणे मिसळते.

हा शेवटचा गुण किरकोळ वाटला तरी पेल्यात थेट गरम पाणी ओतायचे असेल, तर तोच सर्वांत उपयोगी ठरतो. कोको पूर्णपणे विरघळत नाही, त्याचे कण द्रवात तरंगत राहतात; त्यामुळे नैसर्गिक पावडरीचे मिश्रण आधी थोड्याशा गरम द्रवात कालवून घेणे भाग पडते. (तसे केल्याने दोन्हींच्या गुठळ्या टळतात.) नैसर्गिक पावडरीला साखरही थोडी अधिक लागते. तिच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे सांगता येते: अल्कलीमुळे घटणारी फ्लॅव्हनॉल (आरोग्यास उपयुक्त मानली जाणारी वनस्पतिजन्य) द्रव्ये तिच्यात अधिक टिकून राहतात. तरीही केवळ चवीसाठी पिणाऱ्याने डच पावडरच निवडावी, असे माझे मत आहे.