बोलोन्यात पाऊस: सान लुका की आर्किजिन्नासिओ?

इटलीतल्या बोलोन्यात हातात एकच पावसाळी दुपार असेल, तर टेकडीवरचे सान लुका चर्च आणि विद्यापीठाची जुनी इमारत आर्किजिन्नासिओ, दोन्ही जमत नाही.

सान लुकाच्या कमानवाटेला तिकीट नाही. पोर्ता सारागोत्सा या जुन्या शहरवेशीपासून सुमारे 3.8 किलोमीटर, 666 कमानी, डोक्यावर छप्पर. टेकडीच्या पायथ्याच्या मेलोन्चेल्लो कमानीपर्यंत सपाट, पुढे जवळपास दोन किलोमीटर दमवणारा चढ. बाजू उघडी असल्याने वाऱ्यासोबत झड आत येते, फरशी निसरडी होते. पकड असलेले बूटच घाला. जाऊन-येऊन तीन तास धरा. ढग उतरले तर वरून काहीच दिसत नाही, पण खरी पाहण्यासारखी ती वाटच आहे.

आर्किजिन्नासिओ मुख्य चौकालगत, तासाभरात होते. तिथले 1637 चे लाकडी शरीरविच्छेदन सभागृह 1944 च्या बॉम्बहल्ल्यात कोसळले, नंतर पुन्हा उभारले. तिकीट लागते.

गुडघे ठणठणीत असतील तर सान लुका. सोबत सामान किंवा संध्याकाळची गाडी असेल तर आर्किजिन्नासिओ.