निवृत्तीनंतरचे गोल्फ: बारा तासिकांच्या एका प्रशिक्षणवर्गाविषयी

जलसंपदा विभागातून नियत वयोमानानुसार 58 व्या वर्षी निवृत्त झाल्यावर पहिली दोन वर्षे मी 'बघू काहीतरी' असे म्हणण्यात घालवली. मी मूळचा नाशिकचा. तिथल्या गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, मी लहानपणापासून क्रिकेटच पाहत आलो आणि त्या नावात गोल्फ कुठून आले, हा प्रश्नही कधी पडला नाही. या खेळाकडे खरे लक्ष गेले ते नोकरीत असताना, 7 ऑगस्ट 2021 रोजी सकाळी, टोकियो ऑलिंपिकमधील अदिती अशोकची शेवटची फेरी दूरचित्रवाणीवर पाहताना. लांब फटके मारण्यात ती बरोबरीच्या खेळाडूंच्या मागे होती, तरी पटिंगच्या, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच घरंगळत होलमध्ये (खळग्यात) घालण्याच्या, बळावर ती चौथी आली आणि तिचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. ताकदीवाचूनही जिथे इतके पुढे जाता येते, तो खेळ आपल्यासारख्याने शिकायला हरकत नाही, असे तेव्हा मनात येऊन गेले होते. त्या विचारावर पैसे खर्च करण्याची वेळ मात्र गेल्या हिवाळ्यात आली.

पुण्याबाहेरच्या एका ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे एका जागी उभे राहून फटक्यांचा सराव करण्याच्या मैदानावर, मी बारा तासिकांचा वर्ग घेतला. शिकवणारा तरुण आहे, त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे आणि माझ्या काही तक्रारी आहेत, म्हणून ठिकाणाचे नाव लिहीत नाही. प्रत्येक तासिका 45 मिनिटांची, एकूण शुल्क 18,000 रुपये, त्यात वापरायला क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) आणि दर वेळी पन्नास चेंडूंची एक बकेट. जास्तीची बकेट घेतल्यास 250 रुपये वेगळे पडतात, आणि हात जरा बसू लागला की ती घेतल्याशिवाय राहवत नाही, हे शुल्क ठरवणाऱ्याला चांगले ठाऊक असावे.

आधी जे मनापासून आवडले ते सांगतो. पहिल्या तासिकेला प्रशिक्षकाने माझ्या हातात क्लब दिलाच नाही. पाठ कुठवर वळते, गुडघे कसे आहेत, कंबरेचा जुना त्रास आहे का, रक्तदाबाची गोळी सकाळी घेता की रात्री, हे सगळे त्याने विचारले आणि वहीत लिहून घेतले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखते असे सांगताच, बहुतेकांना शिकवली जाते ती एक बोट दुसऱ्यावर चढवण्याची पकड बाजूला ठेवून, त्याने मला दहाही बोटे दांड्यावर राहतील अशी पकड दिली. नियमांत तिला कोणतीही आडकाठी नाही. खांदे वळतील तेवढेच वळवायचे, क्लब छातीच्या उंचीपर्यंतच मागे न्यायचा आणि चेंडू किती लांब गेला हे पहिले पंधरा दिवस विचारायचे नाही, असा त्याचा दंडक होता. तीन महिन्यांत माझी कंबर एकदाही धरली नाही, याचे श्रेय पूर्णपणे त्याला आहे.

साहित्याबाबत मात्र हात आखडता घेतलेला दिसला. वर्गासाठी मिळणारे क्लब पोलादी दांड्याचे आणि बळकट तरुणांच्या मापाचे आहेत. पोलादी दांडा साधारण 120 ग्रॅमच्या आसपास भरतो, तर ग्रॅफाइटचा त्याच्या निम्म्याच्या जवळपास. पन्नास चेंडू मारून झाल्यावर हा फरक कोपराला बरोबर कळतो. चौथ्या तासिकेनंतर मी ज्येष्ठांसाठीच्या लवचीक ग्रॅफाइट दांड्यांचा वापरलेला अर्धा संच बाहेरून विकत घेतला. नियमाने पिशवीत चौदा क्लब चालतात, पण नवशिक्याला सात पुरतात आणि खांद्यालाही ते सोसतात. रेंजला लागून असलेल्या दुकानात मला पूर्ण संचाचाच आग्रह झाला, हेही नोंदवून ठेवतो.

रेंजवर गवताऐवजी ज्यांवरून चेंडू मारायचा, त्या मॅटची तक्रार याहून गंभीर आहे. गवतावर क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागला की माती उडते, चेंडू दहा पावलांवर पडतो आणि चूक लपत नाही. मॅटवर तोच क्लब घसरत पुढे जातो, चेंडू बऱ्यापैकी उडतो आणि आपण शिकलो असे आपल्याला वाटते. शिवाय इथल्या मॅट झिजून खालचे काँक्रीट जाणवू लागले आहे, त्यामुळे असा प्रत्येक फटका मनगटात उतरतो. दोनदा सांगितले, दोनदा 'बघतो सर' हे उत्तर मिळाले. सरकारी नोकरीत मी स्वतः ते इतक्यांदा दिले आहे की त्याचा अर्थ मला समजावून सांगावा लागला नाही.

पण खरा आक्षेप अभ्यासक्रमाच्या आखणीवर आहे. बारापैकी आठ तासिका आयर्नच्या (धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबच्या) पूर्ण फटक्याला, तीन ड्रायव्हरला (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबला) आणि चिपिंग (होलजवळचे छोटे उचल फटके) व पटिंग मिळून एक. पार 72 च्या मैदानात, म्हणजे जिथे अठरा होल 72 फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असते, प्रत्येक होलला दोन पट (पटिंगचे फटके) गृहीत धरलेले असतात, म्हणजे 36 फटके, नेमके निम्मे. खेळाच्या अर्ध्या भागाला बारावा हिस्सा देणारे नियोजन आमच्या खात्यात कोणी मांडले असते, तर फाईल शेरा मारून परत गेली असती.

आणि ती एकच तासिका सगळ्या वर्गात सरस निघाली. सरावाच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, जिथे गवत तीन-चार मिलिमीटर इतके बारीक कापलेले असते, प्रशिक्षकाने मला होलपासून वीस फुटांवर उभे केले आणि विचारले, "काका, ही बाटली इथे ओतली, तर पाणी कुठे जाईल?" तोवर तो मला 'सर' म्हणत होता. मातीच्या कालव्याला 5,000 मीटरला एक मीटर इतका अल्प ढाळ देण्यात माझी उमेद गेली. मी उकिडवा बसलो, डोळा जमिनीलगत नेला आणि पाणी डावीकडे, झाडाच्या बाजूला जाईल असे सांगितले. त्याने खरोखरच बाटली ओतली. पाणी क्षणभर गवतात थबकले आणि मग एक बारीक ओघळ झाडाकडे निघाला. "मग आता चेंडूलाही पाणीच समजा," तो म्हणाला. होलचा व्यास 108 मिलिमीटर आणि चेंडूचा 43 च्या आतबाहेर. चेंडू जोरात आला तर कडेवरून उडून जातो, मंद आला तर कडेवरूनही आत पडतो, पण मंद चेंडू ढाळाला जास्त वश होतो. वेग आधी ठरवायचा आणि रेषा त्यानंतर, हे त्याने अर्ध्या तासात असे पटवून दिले की आधीच्या आठ तासिकांत इतके काही कळल्याचे मला आठवत नाही. त्याचे वडील कॅडी (खेळाडूची पिशवी वाहणारे मदतनीस) होते आणि ग्रीन वाचणे तो त्यांच्याकडून शिकला, हेही त्याच दिवशी कळले. असे ज्ञान जवळ असताना त्याला दिवसभर मॅटशेजारी उभे करणे ही रेंजची चूक आहे.

उरलेल्या तीन तासिका ड्रायव्हरऐवजी ग्रीनवर द्याव्यात अशी विनंती मी केली. व्यवस्थापनाने आधी 'पॅकेज बदलता येत नाही' असे कळवले, पण प्रशिक्षकाने मध्यस्थी केल्यावर ती मान्य झाली. वर्ग संपल्यावर आम्ही दोघे एका मैदानावर नऊ होल खेळलो. माझे 63 फटके झाले, त्यांत 19 पट. सुरुवातीला हे 63 लाजिरवाणे वाटले होते, परंतु 2020 पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत, म्हणजे कच्च्या खेळाडूला फटक्यांची सवलत देण्याच्या पद्धतीत, कमाल मर्यादा 54 आहे, म्हणजे ढोबळमानाने प्रत्येक होलला तीन फटक्यांची सवलत, हे कळल्यावर धीर आला. पार 36 च्या त्या नऊ होलांत अशा सवलतीचे 27 फटके धरले, तर माझी बेरीज बरोबर 63 होते.

ज्यांना साठीनंतर हा खेळ गांभीर्याने शिकायचा आहे आणि पाठीची काळजी आहे, त्यांनी अशा वर्गाला जरूर जावे. मात्र पैसे भरण्यापूर्वी पटिंगच्या तासिका किती ते विचारावे, चारांहून कमी असतील तर बदलून मागाव्यात, आणि मॅटवर एकदा पाय आपटून पाहावा. नुसते चेंडू लांब मारण्याचे समाधान हवे असेल, तर वर्गाची गरज नाही, बकेट घेतली की झाले. मी आणखी सहा तासिकांचे पैसे भरले आहेत, सगळ्या ग्रीनवरच्या, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला. मॅट अजून बदललेल्या नाहीत.