पुरात बुडालेली गाडी आणि न मिळालेला परतावा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी पुण्यातील जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून २०१८ सालची पेट्रोल गाडी ४ लाख ३५ हजार रुपयांना घेतली. क्रमांक एमएच ०८, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातला, आणि मीटरवर ३१ हजार किलोमीटर. "डॉक्टरांची गाडी आहे मॅडम, दवाखान्यापुरती फिरलेली," असे मला सांगण्यात आले. क्रमांक आणि साल एकत्र वाचले असते, तर २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी त्याच जिल्ह्यातल्या चिपळुणात शिरले होते हे आठवून मी निदान एक प्रश्न तरी विचारला असता. माझे लक्ष मात्र नव्या सीट कव्हरांकडे होते, आणि आतला अत्तराचा उग्र वासही मला स्वच्छतेचाच वाटला.

तिसऱ्या आठवड्यात एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना, मग खिडक्या मधूनच बंद पडू लागल्या आणि एके सकाळी कात्रजच्या चढावर गाडी जागीच थांबली. विक्रेता फोनवर गोड बोलला: "आणून लावा, आपण करून देऊ." गाडी त्याच्या गॅरेजात आधी बारा दिवस आणि मग नऊ दिवस पडून राहिली, आणि दोन्ही वेळा तोच दिवा घेऊन परत आली. तेव्हा मला तो त्याचा चांगुलपणा वाटला. दुरुस्तीच्या बोलण्यात दिवस घालवले, की परताव्याची मागणी आपोआप थंडावते, हे आता कळते.

शेवटी घराजवळच्या मेकॅनिकने चालकाची सीट काढून गालिचा उचलला. सीटच्या रुळांत चहाच्या रंगाचा बारीक, वाळलेला गाळ बसला होता, बोल्ट गंजलेले होते आणि वायरिंगच्या पिनांवर हिरवी बुरशी चढावी तसा थर होता. "ताई, ही गाडी पाण्यातून आलीये," तो म्हणाला. इथे मी सर्वांत महाग पडलेली चूक केली. वैतागाच्या भरात १८ हजार ५०० रुपये देऊन सगळे वायरिंग बदलून घेतले आणि आतली सफाई करून घेतली. फोटो काढले नाहीत आणि जुने वायरिंग भंगारात गेले. मेकॅनिकने कशासाठी कोण जाणे, मूठभर गाळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिला, तेवढाच उरला.

नंतर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नोंदी पाहिल्या. जून २०२१ च्या सर्व्हिसिंगला मीटर ५२ हजारांवर होते. ऑगस्ट २०२१ मध्ये पाणी शिरल्यामुळे दुरुस्तीचा अंदाज काढलेला होता, पण दुरुस्ती झालेली नव्हती. ही चौकशी गाडी घेण्यापूर्वी अर्ध्या तासात झाली असती.

परतावा मागताच विक्रेत्याचे बोलणे बदलले. "आम्ही फक्त मध्यस्थ आहोत," तो म्हणाला, आणि कागदांवरून पाहता त्याचे म्हणणे पूर्ण खोटेही नव्हते, कारण गाडीची मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर जुन्या मालकाची व माझीच सही होती. १ एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्याला आरटीओचे प्राधिकारपत्र लागते. ते मी पाहायला मागितले नव्हते. बँकेच्या कर्जाचे ३ लाख १० हजार थेट त्याच्या खात्यात गेल्याची नोंद आहे आणि ५० हजारांची पावती आहे, पण रोख दिलेल्या ७५ हजारांचा कुठेही पुरावा नाही. त्या पावतीवर खाली बारीक अक्षरांत "गाडी जशी आहे तशी" असे छापलेले आहे. जाणूनबुजून लपवलेला दोष त्या ओळीने झाकला जात नाही, असे माझ्या वकिलांचे मत आहे.

रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत आली. तो लिफाफा न फोडता जपून ठेवला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली होती, पण विक्रेत्याने तिकडे उत्तरच दिले नाही.

आयोगासमोर विक्रेत्याच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, की दोष होता तर तो आता दाखवा. बदललेल्या वायरिंगमुळे आमची बाजू तिथेच लंगडी पडली. सध्या सर्व्हिस सेंटरच्या नोंदींवरच सगळा भर आहे. मध्यंतरी दोन लाखांत तडजोड करण्याचा निरोप आला, तो मी नाकारला. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे, कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला कापला जातो, आणि गाळाची ती पिशवी पुढच्या तारखेच्या फाइलला टाचून ठेवली आहे.