दुचाकीचा अपघात आणि मोटारीचा विमा: दावा करावा की खर्च सोसावा?

एकाच अंगणात एक मोटार आणि एक-दोन दुचाक्या उभ्या असलेली घरे गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडे दिसतात. त्यामुळे दुचाकीला अपघात झाला की गॅरेजवाल्याचा अंदाज हातात येण्याआधीच घरात एक प्रश्न निघतो: दुचाकीचा क्लेम घेतला तर मोटारीच्या विम्याचा हप्ता वाढेल का? गेल्या पावसाळ्यात फर्मागुडीच्या उतारावर माझ्या शेजाऱ्यांची मोटारसायकल घसरली. हँडल, पुढचा मडगार्ड, दिवा आणि इंडिकेटर मिळून झालेला सुमारे 11,000 रुपयांचा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला, कारण मोटारीवर पाच वर्षांत साचलेला 50 टक्के नो क्लेम बोनस (दावा न केलेल्या वर्षांबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल अशी त्यांची समजूत होती. तो जाणार नव्हता. मला ही गोष्ट कळली तेव्हा दुरुस्ती होऊन गेली होती आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरला दाखवायला मोडके भागही उरले नव्हते. तशी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये, म्हणून दोन्ही पॉलिसी शेजारी ठेवून हा हिशेब मांडत आहे.

आपल्याकडे मोटार विम्याची पॉलिसी विशिष्ट वाहनाची असते आणि दाव्याची नोंद त्या वाहनाच्या पॉलिसीवरच होते. नो क्लेम बोनस मालकाचा असतो खरा, पण तो वाहनाच्या वर्गाशी बांधलेला असतो. मोटारसायकलचा बोनस मोटारसायकलपुरता आणि मोटारीचा मोटारीपुरता. म्हणून दुचाकीच्या दुरुस्तीचा दावा केल्यास दुचाकीचा बोनस शून्यावर येतो आणि मोटारीच्या नूतनीकरणात त्याचा मागमूसही दिसत नाही. याच नियमाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. दुचाकी विकून पहिली मोटार घेणाऱ्याला दुचाकीवर कमावलेला 50 टक्के बोनस नव्या मोटारीवर वळवून घेता येत नाही. तो दुसरी दुचाकी घेतली तरच, प्रमाणपत्राच्या आधारे, 3 वर्षांच्या आत कामी येतो.

उलट समजूत पसरण्याचे एक कारण आपल्या गोव्यातच आहे. अनेक घरांतील मुले ब्रिटनमध्ये नोकरीला आहेत आणि तिकडचे अनुभव फोनवरून इकडे येतात. ब्रिटनमध्ये मोटारीचा विमा मागताना मागील काही वर्षांतील सर्व अपघात, ते कोणत्याही वाहनावर झालेले असोत, कंपनीला सांगावे लागतात. अमेरिकेत चालकाच्या नावे नोंद राहते आणि मोटारसायकलवर स्वतःच्या चुकीने झालेला अपघात मोटारीचा हप्ताही वाढवू शकतो. ती माहिती तिथे बरोबर आहे, मात्र भारतातील हप्त्याची रचना वेगळी असल्यामुळे ती इथे जशीच्या तशी लावली की नुकसान होते.

रचना अशी आहे की हप्त्याचे दोन भाग असतात. थर्ड पार्टी भागाचा, म्हणजे आपल्या वाहनाने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवते आणि तो दाव्यांवर अवलंबून नसतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीला वर्षाला 3,416 रुपये, तर 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला 714 रुपये पडतात. मागच्या वर्षी तुमच्याविरुद्ध दावा झाला असो वा नसो, हा आकडा सर्वांना सारखाच. दुसरा भाग स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा, ज्याला सगळे ओन डॅमेज म्हणतात. त्याचे दर 2007 पासून कंपन्या स्वतः ठरवतात आणि नो क्लेम बोनस फक्त याच भागावर मिळतो: दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला ही शिडी पुन्हा तळापासून चढावी लागते.

दुचाकीचा दावा आणि मोटारीचा दावा: आकड्यांत

मोटारीचा बोनस वगळता ओन डॅमेज हप्ता 12,000 रुपये आहे असे धरू. 50 टक्के बोनस असलेला मालक 6,000 भरतो. त्याने दावा केला तर पुढील पाच नूतनीकरणांना त्याला अनुक्रमे 12,000, 9,600, 9,000, 7,800 आणि 6,600 भरावे लागतील, आणि सहाव्या वेळी तो पुन्हा 6,000 वर येईल. जादा गेलेली रक्कम 15,000 होते; त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 17,700. वाहन जुने होत जाते तसा मूळ हप्ता घटत जातो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा यापेक्षा थोडा कमी येईल, पण निर्णयासाठी ही मोजपट्टी पुरेशी आहे. ती अशी सांगता येते की 50 टक्क्यांवर पोचलेला बोनस गमावण्याची किंमत ही मूळ ओन डॅमेज हप्त्याच्या सव्वापट असते. ज्याला नुकताच पहिला 20 टक्के बोनस मिळणार आहे त्याच्यासाठी हीच किंमत मूळ हप्त्याच्या निम्मीच भरते, म्हणून नव्या मोटारीचा मालक आणि जुन्या मोटारीचा मालक यांनी एकमेकांचा सल्ला डोळे झाकून घेऊ नये.

आता तीच पट्टी दुचाकीला लावून पाहू. मोटारसायकलचा मूळ ओन डॅमेज हप्ता 1,500 असेल तर 50 टक्के बोनस गमावण्याची एकूण किंमत 1,875 आणि जीएसटीसह सुमारे 2,200 रुपये होते. माझ्या शेजाऱ्यांच्या 11,000 च्या बिलावर घसारा (भाग जुने झाल्याबद्दलची कपात) कापून कंपनीने 6,500 दिले असते असे धरले, तरी ते चार हजारांहून अधिक रुपयांनी फायद्यात राहिले असते आणि मोटारीचा बोनस जागचा हलला नसता. दुचाकीच्या दाव्यात सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतः सोसायची रक्कम, हीही फक्त 100 रुपयांची असते. 1500 सीसीपर्यंतच्या मोटारीला ती 1,000 आणि त्यावरील मोटारीला 2,000 असते. माझे स्पष्ट मत असे आहे की दुचाकीवर ओन डॅमेजचे संरक्षण घेतले असेल आणि कंपनीकडून तीन-चार हजारांहून अधिक मिळणार असतील, तर दावा न करण्याला सहसा काही कारण उरत नाही.

दुचाकीने मोटारीला धडक दिली तर

दुचाकीचा अपघात मोटारीच्या विम्याला खरोखर लागतो तो या एका प्रसंगात, आणि निर्णयही इथेच अवघड असतो. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी किंवा पणजीच्या अरुंद रस्त्यांवर दुचाकी दरवाजाला घासून जाणे नवे नाही. चूक दुचाकीस्वाराची असली तरी तुम्ही तुमच्याच कंपनीकडे ओन डॅमेजचा दावा केलात, तर बोनस तुमचाच जातो. बोनस ठरवताना दावा झाला की नाही एवढेच पाहिले जाते, चूक कोणाची होती हे पाहिले जात नाही. अनेकांना हे अन्यायाचे वाटते आणि मलाही वाटते.

उदाहरणार्थ, सहाव्या वर्षात असलेल्या मोटारीचे बिल 18,000 रुपये झाले: प्लास्टिकचा बंपर 5,000, दरवाजाचा पत्रा 6,000, आणि मजुरी व रंगकाम 7,000, ज्यात रंगाचे साहित्य 2,000 चे. प्लास्टिकवर 50 टक्के घसारा, म्हणजे 2,500 कापले जातील. 5 ते 10 वर्षांच्या वाहनाच्या धातूच्या भागांवर 40 टक्के, म्हणजे 2,400. रंगाच्या साहित्यावर निम्मा, म्हणजे 1,000. आणि सक्तीची वजावट 1,000. हातात येतील 11,100 रुपये, आणि वरच्या हिशेबाने बोनस गमावून जातील 17,700. अशा वेळी दावा करणे म्हणजे पदरचे घालून विमा वापरणे होय. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारे, संरक्षण असेल तर हातात येणारी रक्कम 17,000 च्या आसपास जाते आणि तोटा-फायदा जवळजवळ बरोबरीत येतो. दावा केला तरी बोनस टिकवणारी बोनस संरक्षणाची जोड पॉलिसीत असेल तर मात्र, तिच्या मर्यादेत राहून, दावा करणेच योग्य ठरते.

याला पर्याय म्हणजे दुचाकीस्वाराच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागणे. त्यात तुमच्या बोनसला धक्का लागत नाही आणि कागदावर तोच न्याय्य मार्ग आहे. प्रत्यक्षात त्यासाठी पोलिसांत नोंद, दुचाकीच्या पॉलिसीचा तपशील, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, तोही 2019 च्या दुरुस्तीनुसार अपघातापासून 6 महिन्यांच्या आत. दुचाकीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा सर्वसाधारणपणे 1 लाख रुपये असते, पण थोड्या सवलतीसाठी मालकाने ती 6,000 वर आणली असेल तर मोटारीच्या एका दिव्यालाही ती पुरत नाही. शिवाय 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला 5 वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीने काढावा लागतो, आणि तो संपल्यावर नूतनीकरण राहून गेलेली दुचाकी समोर आली तर मागण्यासारखी कंपनीच उरत नाही. म्हणून 15-20 हजारांच्या खर्चासाठी न्यायाधिकरणाची वाट धरावी असे मी सुचवणार नाही. कोणी जखमी नसेल आणि दुचाकीस्वार चूक मान्य करत असेल, तर दोघांच्या सहीचा साधा कागद करून दुरुस्तीचा खर्च घेणे बरे. नुकसान 50-60 हजारांच्या पुढे गेले असेल तर फार विचार न करता स्वतःच्या ओन डॅमेजमधून दावा करावा. तेवढ्या रकमेपुढे बोनस लहान ठरतो.

कोणी जखमी असेल तर मात्र हा सगळा हिशेब बाजूला ठेवावा. जखमीला बांबोळीच्या इस्पितळात पोचवणे, पोलिसांना कळवणे आणि आपल्या विमा कंपनीला लगेच लेखी कळवणे या तीन गोष्टी रकमेचा विचार न करता करायच्या आहेत. मृत्यू किंवा इजेच्या भरपाईसाठी थर्ड पार्टी भागात कंपनीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नसते आणि अशा दाव्याने तुमचा नो क्लेम बोनसही जात नाही, कारण तो ओन डॅमेजचा दावा नव्हे. कंपनीच्या संमतीशिवाय जखमीला पैशांचे आश्वासन देणे हा मात्र पॉलिसीच्या अटींचा भंग आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

दोन पॉलिसी जिथे एकमेकींना भेटतात

दोन्ही वाहने एकाच्याच नावावर असतील तर मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा एकदाच पुरतो. तो मोटारीसोबत घेतला असेल तर दुचाकीच्या हप्त्यात पुन्हा भरू नये. स्कूटर पत्नीच्या आणि मोटार पतीच्या नावावर असेल तर प्रत्येकाचा वेगळा लागतो.

जुलै 2022 मध्ये विमा नियामकाने एकाच मालकाच्या मोटारी आणि दुचाक्या एका पॉलिसीत घेण्याची मुभा दिली. कागद एक आणि नूतनीकरणाची तारीख एक, ही सोय आहे. पण या आढाव्यात जी भीती निराधार ठरली ती इथे खरी ठरू शकते. सही करण्यापूर्वी प्रत्येक वाहनाचा बोनस स्वतंत्र राहील का, हे लेखी विचारून घ्यावे. लेखी उत्तर मिळत नसेल तर दोन वेगळ्या पॉलिसीच ठेवाव्यात.

परवानाही वाहनाच्या वर्गाप्रमाणेच पाहावा. फक्त मोटारीचा परवाना असलेला माणूस गिअरची मोटारसायकल चालवताना पडला तर तिच्या ओन डॅमेजचा दावा नाकारला जातो. भाड्याने घेतलेली, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली दुचाकी असेल तर तिचा विमा तिच्या मालकाचा. तुमच्या मोटारीच्या पॉलिसीशी त्याचा काही संबंध येत नाही. मात्र स्वतःची पांढऱ्या पाटीची स्कूटर हंगामात पर्यटकाला पैसे घेऊन देणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की खासगी वापराची अट मोडल्यामुळे अपघातानंतर कंपनी त्याचा स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते.

दावा न करण्याचे ठरवले तरी नूतनीकरण वेळेत करावे, कारण पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की बोनस दावा न करताच जातो. कंपनी बदलली तर बोनस सोबत नेता येतो. पण झालेला दावा लपवून बोनस मागितला आणि जुन्या कंपनीकडील चौकशीत ते उघड झाले, तर पुढच्या अपघातात ओन डॅमेजचे संरक्षणच हातचे जाते. दुचाकीवर दावा झाला असेल तर दुचाकीच्या अर्जात तसे लिहावे, आणि मोटारीच्या अर्जात मोटारीचा बोनस निःशंकपणे पूर्ण मागावा.