आयसपोर्ट: दिवाळीपासून वापरतेय, त्याबद्दल

जागतिक आरोग्य संघटनेचं ‘आयसपोर्ट’ म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्या घरच्यांसाठीचं फुकट प्रशिक्षण. ५ भाग, २३ धडे. मला फोनवर वाचणं जमत नाही, म्हणून २०१९ची पीडीएफ इथे बडोद्यात, रावपुऱ्यात छापून स्पायरल करून घेतली. सासूबाईंचं सगळं मीच बघते. दांडिया बाजारातलं जुनं घर, यजमान दुकानात, मदतीला सकाळपुरती एक बाई.

पहिला भाग आजाराची माहिती देतो. डॉक्टरांनी नीट सांगितलं असेल तर चाळून सोडा. मी म्हणेन, थेट तिसरा भाग उघडा: सांभाळणाऱ्याने स्वतःची काळजी कशी घ्यावी. तीनच धडे आहेत. मनातला विचार लिहायचा आणि तो वेगळ्या तऱ्हेने मांडून बघायचा, हा त्यातला एक. आधी मला हे शाळकरी वाटलं. पण ‘मी तासभर गेले तर आईंचे हाल होतील’ हे स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर त्यातला फुगवटा दिसला. आता सकाळी कमाटीबागेत जाते, तेवढा वेळ हे बसतात. आईंचे काही हाल होत नाहीत. यांचे थोडे होतात.

दुसऱ्या भागात इतरांना कामात घेण्याचा धडा आहे, पैसा वसूल तिथेच (फुकट असलं तरी). आमच्या वन्सं नाशिकला असतात. दर फोनला, “काही लागलं तर सांग गं.” या खेपेला सांगितलं, “रविवारी सकाळी व्हिडिओवर आईंशी तुम्ही बोला, आणि औषधं ऑनलाइन मागवायचं काम तुमचं.” “यादी पाठव,” म्हणाल्या. मोघम मदत मागितली की मोघमच मिळते.

शेवटचे १० धडे वागणुकीतल्या बदलांवर. दिवेलागणीला आईंचं सुरू व्हायचं, “मला नवसारीला घरी जायचंय.” तिथलं घर कधीच विकलं, हे पटवण्यात मी रोज घसा फोडायचे. आता वाद घालत नाही, नवसारीच्या घराबद्दल विचारते. खोलीतला दिवा अंधारायच्या आधीच लावते, चहाही लवकर देते. रोज उपयोग होतोच असं नाही, पण रडारड पुष्कळ कमी झाली.

कागदावरून येत नाही ते एकच, उचलणं-बसवणं. त्यासाठी फिजिओथेरपिस्टला घरी बोलावलं. आईंनी आधी पलंगाच्या कडेला सरकायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, पुढे झुकायचं. आपण गुडघ्यात वाकून त्यांना अंगाजवळ धरायचं, काखेत हात घालून ओढायचं नाही. माझी कंबर वाचली ती यानं. आणि रात्री आपल्यालाच असह्य झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, तोही फुकट.

तुमच्या घरी डिमेन्शिया नसून पक्षाघात असेल तर शेवटचा भाग छापू नका, दुसरा-तिसरा पुरे. छापताना एकाच बाजूने छापा, उत्तरं लिहायला मागची जागा लागते.